लोणच्याच्या बरणीतलं पेट्रोल

मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या इंधनावर काम करतो, ही गोष्ट आमच्या घरात आता कोणी काढत नाही.

२००५ च्या हिवाळ्यात माझे सासरे सांगलीहून ट्रॉयला आमच्याकडे आले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. उभा जन्म साखर कारखान्यात गेलेला. त्यांची मागणी एकच: परतण्याआधी बर्फावरच्या स्कूटरवर (म्हणजे स्नोमोबाइलवर!) पळतानाचा एक फोटो. तिकडे कट्ट्यावर तसं जाहीर करून आलेले! मी ऑफिसातल्या एकाची जुनी स्नोमोबाइल मागून आणली, ट्रेलरवर चढवली आणि त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही उत्तरेकडे निघालो.

पहिल्याच पंपावर भाऊ म्हणाले, "भरा की इथंच."

"यात इथेनॉल मिसळलेलं असतं, भाऊ. जुन्या इंजिनाला बाधतं."

झालं! इथेनॉल म्हणजे त्यांच्या कारखान्याचं लाडकं लेकरू. इथे ते मक्यापासून करतात, एवढाच काय तो फरक. "आमच्या मळीतनं निघणाऱ्या मालाला नावं ठेवू नका, जावईबापू," म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी प्रत्येक पंपावर उतरून चौकशी करायचो, काउंटरवरचा माणूस खांदे उडवायचा आणि मागच्या सीटवरून माझी बायको मेधा करवादायची, "अरे, भर ना काहीतरी! अंधार पडेल."

शेवटी तळ्याकाठच्या एका पंपावर बिनइथेनॉलचं मिळालं. स्नोमोबाइलची टाकी भरत आणली. पण पंपवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवेन तर मी इंजिनियर कसला? मेधाचं लोणचं कागदी ताटलीत काढलं आणि बरणी धुतली. तळाला पाणी, वर पेट्रोल, झाकण लावून हलवायचं. इथेनॉल असलं की ते पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर जराही वाढला नाही! मी बरणी दोघांच्या नाकासमोर नाचवली. मेधा लोणच्याकडे बघत होती.

आता एवढं चांगलं पेट्रोल फेकून द्यायचं? माझा जीव होईना. वरचं पेट्रोल मी अलगद टाकीत ओतलं. (अलगद म्हणजे माझ्या मते.)

बर्फावर पोचल्यावर भाऊ स्नोमोबाइलवर माझ्या मागे ऐटीत बसले, मेधाने कॅमेरा सरसावला, गाडी भुर्रकन निघाली आणि चढ संपतो न संपतो तोच ठप्प झाली. बरणीतलं पाणी टाकीत गेलं होतं आणि पेट्रोलच्या नळीत गोठलं होतं. मी इतका वैतागलो की गाडीला लाथ घातली. लागलं मलाच.

भाऊ शांतपणे म्हणाले, "इथेनॉल असतं, तर तेवढं पाणी त्यानं पोटात घेतलं असतं. गोठू दिलं नसतं."

खरं होतं! ऑफिसात हेच मी इतरांना शिकवतो.

पण भाऊ गाडीवरून उतरेनात. हातमोज्यांशी चाळा करत म्हणाले, "म्हणजे फोटो राहिलाच." तो चेहरा मला बघवेना. ट्रेलरचा दोर काढला, गाडीला बांधला, खांद्यावर घेतला आणि उताराच्या दिशेने ओढत सुटलो.

फोटो झकास आला. सांगलीच्या दिवाणखान्यात तो फ्रेम करून लावलाय. दोर धरून वाकलेला हा पुढचा कोण, असं पाहुणे हमखास विचारतात. भाऊ माझी अब्रू राखून सांगतात, "असतो तिथं एक माणूस, गाडी ओढायला."