वरचं पुसायचं न्हाई

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरवळच्या एका कारखान्यात होते. आमचा प्रोग्रॅम त्यांच्या नव्या मशीनला जोडून द्यायचा होता, तिथला मॅनेजर डोक्यावर उभा होता, आणि फोनवर अण्णांच्या मुलाचं, सुकुमारचं, नाव दिसलं. सुकुमार मला कधी फोन करत नसे. करायचे ते अण्णाच, तेही सकाळी बरोबर नऊला. "ताई, अण्णा गेले. पहाटं. झोपेतच..." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. मॅनेजरला दोन मिनिटं मागून हायवेच्या कडेला जाऊन उभी राहिले. ट्रक जात होते, रडू येत नव्हतं. ते आलं आठवडाभरानं, साताऱ्याच्या ऑफिसात, संध्याकाळी साडेपाचला, आणि असं आलं की साहेबांनी मला सरळ घरी पाठवलं.

साडेपाचला अण्णांचा डबा उघडायचा. ते जैन, सूर्य मावळायच्या आत जेवायचे, आणि आमचं ऑफिस साडेसहाला सुटायचं. मग भर ऑफिसात टेबलावर वर्तमानपत्र अंथरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बिनकांद्याचं पिठलं. सुरुवातीला आम्ही सगळे हसायचो. महिन्याभरात सगळेच त्या वर्तमानपत्राभोवती जमायला लागलो, आणि त्यांनी रोज दोन भाकऱ्या जास्त करायला सुरुवात केली. साताऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत ते स्वतः भाकरी थापायचे. शनिवारी सांगलीजवळच्या गावी घरी जायचे आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं परत यायचे.

भूपाल अण्णा प्रोग्रॅमर नव्हते. त्यांनी तीस वर्षं सांगली भागातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती, बेदाणा, हळद, काय काय गार करत. आमची कंपनी लहान, कोल्ड स्टोरेजच्या खोल्या चालवणारे प्रोग्रॅम करणारी. आम्हाला कोड यायचा, पण खोली कशी चालते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून निवृत्तीनंतर साहेबांनी अण्णांना बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघून विचारलं, "ह्यात खोली कुठं हाय?" मी दाखवली. 'खोली' नावाचा एक मूळ आराखडा, त्याला आम्ही क्लास म्हणतो. खोली थंड करणं, पंखे चालवणं, दार लावणं हे सगळं त्यात. त्याच्यावरून निघालेले दुसरे क्लास, बेदाण्याची खोली, हळदीची खोली. मूळ क्लासला जे येतं ते या पोटच्या क्लासना आपोआप येतं, त्यांनी फक्त आपलं वेगळेपण सांगायचं. अण्णांनी मान हलवली. "म्हंजे घराण्यागत हाय की."

क्लासमधल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर, कोडमध्येच, चार ओळी माहिती लिहायची असते. हे काय करतं, कसं वापरायचं, कशाला जपायचं. प्रोग्रॅमर लोकांना याचा मनस्वी कंटाळा, आणि मी त्यात सगळ्यात वरच्या नंबरची. अण्णांनी ते काम मागून घेतलं. ते वहीत शिसपेन्सिलीनं लिहायचे, मी टाइप करायचे. मग ती माहिती गोळा करून ऑपरेटर लोकांसाठी पुस्तिका छापणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. त्याचा नियम सोपा होता. पोटच्या क्लासवर काही लिहिलं असेल तर ते छापायचं. काहीच लिहिलं नसेल तर मूळ क्लासवरचं उचलायचं.

अण्णांना हा नियम पटला नाही. "आगं, पोरानं दोन ओळी लिवल्या म्हनून बापाचं सगळं पुसलं का काय?"

"पुसलं नाही अण्णा. मूळ पानावर आहे की. एक पान मागं जायचं."

"ऑपरेटर मागं जात न्हाई पोरी. त्याचा हात बटनावर आसतोय."

दोन्हीकडचं एकत्र छाप, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. मी तीनही वेळा "करते" म्हणाले. करायला दोन-तीन दिवस लागले असते आणि मला त्यापेक्षा मोठी कामं होती, निदान मला तसं वाटत होतं.

बेदाणा एकदम गार करायचा नसतो, टप्प्याटप्प्यानं करायचा. म्हणून बेदाण्याच्या खोलीच्या 'थंड करणे' या कामावर मी स्वतः दोन ओळी लिहिल्या. टप्पे नीट समजावले. पुस्तिकेत त्या दोनच ओळी छापल्या गेल्या. मूळ खोलीवर अण्णांनी लिहिलेली सूचना, आत कुणी राहिलं नाही याची खात्री करण्याची, त्या पानावरून गेली. तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नवा ऑपरेटर आला होता. त्यानं पुस्तिका उघडली, बेदाण्याचं पान काढलं, आणि त्यात लिहिल्याबरहुकूम सगळं केलं. पेट्यांच्या थप्पीमागे शालनमावशी फुटलेली पेटी आवरत होत्या. दार लागलं, दिवे गेले, पंखे सुरू झाले. पंख्यांच्या आवाजात मावशींनी आतून वाजवलेली बेल कुणाला ऐकू गेली नाही. चहाच्या वेळी बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि एक कमी भरली, तोवर पाऊण तास झाला होता. मावशी वाचल्या. आठवडाभर तापानं फणफणल्या होत्या, बोटांना मुंग्या येत होत्या, पण वाचल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मीटिंग घेतली. टेबलावर ती पुस्तिका होती आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नाव होतं, लेखन : भूपाल अण्णा. "अण्णा, हे तुमच्याकडून कसं सुटलं?" अण्णांनी ते पान जवळ ओढलं, चष्मा लावला, सावकाश वाचलं. मग म्हणाले, "वाईट झालं सायब. लय वाईट झालं." बास. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी... मी गप्प बसले. माझी ती पहिली नोकरी. मलकापूरला घरी सगळ्यांना सांगून झालं होतं की पोरगी साताऱ्यात इंजिनिअर आहे. साहेब म्हणाले, पुस्तिकेचं काम आता दुसऱ्या कुणाकडे देऊ, अण्णा सोमवारपासून आले नाहीत तरी चालेल. तीस वर्षांत ज्या माणसाच्या हाताखाली कुणाला साधं खरचटलं नव्हतं, त्याला हे माझ्यासमोर ऐकून घ्यावं लागलं. तरी मी वहीत रेघोट्या ओढत राहिले.

दोन दिवस असे गेले. अण्णा रोजच्यासारखे आले, साडेपाचला डबा उघडला, मला भाकरी दिली. ती मी कागदात गुंडाळून ठेवली. शनिवारी ते टेबलावरचं सामान पिशवीत भरू लागले तेव्हा मात्र मी उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. काय बोलले ते धड आठवत नाही. नियम माझा होता, ओळी माझ्या होत्या, अण्णांनी तीन वेळा सांगितलं होतं, एवढं सगळं एका दमात ओकून टाकलं. साहेब खूप चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. पण बाहेर येऊन त्यांनी अण्णांची माफी मागितली आणि पिशवी रिकामी करायला सांगितलं.

मी अण्णांसमोर उभी राहिले. वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "च्या सांग दोन." चहा आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, अण्णा?"

"पान बघितलं तवाच."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"तुजं नाव मी कशाला सांगू? तुला तोंड हाय की." आणि बशीत चहा ओतला. मग बशीकडेच बघत, "उशीर केलास. पर आलीस."

मावशींचा ताप उतरल्यावर एका मंगळवारी ते मला शालनमावशींच्या घरी घेऊन गेले. मी एसटीत माफीची वाक्यं जुळवत होते. मावशी अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. मी सगळं सांगितलं, पुस्तिका, नियम, दोन ओळी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला काय लिवता-वाचता येत न्हाई बाई. तुमी तिथं काय लिवलं आन काय न्हाई, मला काय कळतंय? पर आत लय आंधार हुता. मी लय वरडले." एवढंच. मग त्यांनी आम्हाला मूठ मूठ शेंगा दिल्या. जे वाचू शकत नाहीत त्यांचा जीव आपण लिहिलेल्या ओळीत असतो, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग आम्ही तो नियम नव्यानं लिहायला बसलो. तीन आठवडे लागले. अण्णांनी कोल्ड स्टोरेजमधली त्यांची जुनी रीत सांगितली. पाळी बदलताना नव्या ऑपरेटरनं लॉगबुकातली आधीची नोंद जुन्या ऑपरेटरसमोर मोठ्यानं वाचायची, मग त्याच्याखाली आपली लिहायची. वरचं चुकलं असलं तरी खोडायचं नाही. खाली लिहायचं, वरचं चुकलंय आणि का चुकलंय. "वरचं पुसायचं न्हाई," हे वाक्य त्या तीन आठवड्यांत मी शंभरदा ऐकलं. मी वाद घालायचे, घालायची खोडच होती. "अण्णा, सगळंच जोडलं तर पुस्तिका नव्हे, पोथी होईल." मग त्यांनी विचार केला. काम काय आहे याचं वर्णन पोटच्या क्लासचं असेल तर तेच छापायचं, कारण बेदाण्याचं बेदाण्यालाच माहीत. आकडे, मापं एकेक करून बघायची, खाली दिली असतील तर खालची, नसतील तर वरची. पण जपायच्या गोष्टींना हात लावायचा नाही. त्या मूळ क्लासच्या आधी छापायच्या, पोटच्या क्लासच्या त्याखाली, आणि एखादी लागू नसेल तर का नाही हे लिहिल्याशिवाय प्रोग्रॅमनं पुढं जाऊच द्यायचं नाही. प्रोग्रॅमिंगचा एक शब्द न येणाऱ्या माणसानं सांगितलेला हा नियम आम्ही आजही वापरतो. त्या कोडच्या डोक्यावर मी लिहून ठेवलं, आधीचा नियम चुकीचा होता, त्यामुळे काय झालं, आणि तो कुणी लिहिला होता. खाली माझं नाव. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि "आता जेवूया" म्हणाले.

पुढची सहा वर्षं ते आमच्यात होते. मग गुडघे बोलायला लागले, एसटीच्या पायऱ्या चढवेनात आणि ते घरीच राहिले. पण सकाळी नऊचा फोन सुटला नाही. "काय नवीन?" एवढाच प्रश्न. मी नवा क्लास सांगायचे, ते विचारायचे, "वरचं वाचलंस?" आज मी जी काही आहे, हाताखालच्या पोरांना जे काही शिकवते, त्यातलं निम्मं त्या फोनवरचं आहे. त्यांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, काम कर.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आले. येताना तासगाव रस्त्यावरच्या त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये थोडं काम होतं. तिथले आताचे ऑपरेटर माने, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी अण्णांना कधी पाहिलेलं नाही. बेदाण्याच्या पेट्या लावून बायका बाहेर आल्या होत्या, शेवटची बाई समोर पदरानं घाम पुसत होती. माने दारापाशी गेले, पंखे बंद असल्याची खात्री केली, अंधाऱ्या खोलीत तोंड घालून खणखणीत आवाजात ओरडले, "कोण हाय का आत?" आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"सगळ्या तर बाहेर आल्यात," मी म्हणाले.

"आल्यात की म्याडम. पर पुस्तकात हाय. हाक मार, आन उत्तराची वाट बघ, घाई करू नगं." पुस्तिकेत अण्णांची वाक्यं मी सगळीकडे शुद्ध करून टाकली होती, ही तेवढी तशीच ठेवली होती. माने ती अण्णांच्याच बोलीत म्हणत होते.

आम्ही दोघं उघड्या दारासमोर उभे राहिलो. आतून गार हवा येत होती, बेदाण्याचा वास येत होता. उत्तर आलं नाही.

"न्हाई कोन," माने म्हणाले. "लावू दार?"

"थांबा," मी म्हणाले. "अजून जरा थांबू."