डोंगराला लावलेलं कुंकू

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एकच खिळा आहे. मी निवृत्त झाल्यापासून त्यावर माझीच चित्रं लागत आली. ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानाच्या भागांची ड्रॉइंगं काढली, त्यामुळे डोंगर असो की देऊळ, माझी रेघ हलत नाही. फिरायला निघालो की बायको सोबत यायची ती थर्मास सांभाळायला. एकदा बसल्या बसल्या तिने माझा जुना ब्रश हातात घेतला आणि माझी झोप उडाली.

ती पेन्सिल वापरत नाही. रांगोळी काय आधी पेन्सिलने काढतात का, म्हणते. ओल्या कागदावर रंग सोडते आणि तो पसरेल तिथे डोंगर होतो. याला चित्र काढणं म्हणत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. पण बघणारी माणसं तिच्याच मागे थांबतात. मी आतल्या आत जळतो आणि वरून तिला पाणी बदलून देतो.

गेल्या नवरात्रानंतर वणीला गेलो. या खेपेला दोघांपैकी ज्याचं चित्र चांगलं होईल ते खिळ्यावर लावायचं, असं निघतानाच ठरलं होतं. देवीच्या गडाच्या पायथ्याशी झाडाखाली बसलो. पट्टी डोळ्यासमोर धरून मी कड्याची मापं घेत होतो, तेवढ्यात एक म्हातारी आली. घरची माणसं वर दर्शनाला गेली होती, गुडघ्यांमुळे ही खालीच राहिलेली.

"बाबा मोजणीचे हायेत का?" तिने माझ्याकडे बघत बायकोला विचारलं.

"नाही हो, चित्र काढतात," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

मग म्हातारी तिच्या चित्रासमोर वाकली आणि बघतच राहिली. "लय जीव तुटतो वर जायाला, पण पाय साथ देत नाय. आज आईच खाली आली म्हणायची." तिने कमरेची पुडी सोडली, अंगठ्याने चित्रातल्या डोंगराला कुंकू लावलं आणि हात जोडले.

माझ्या ओल्या चित्राला कुणी असा हात लावला असता तर मी ओरडलोच असतो. बायकोने कागद आणखी पुढे केला. गडावरून उतरणाऱ्या दोघी-तिघीही तिथे नमस्कार करून गेल्या. माझ्या चित्रात कड्याची घडी न घडी जागेवर होती, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. दोन्ही चित्रं टेबलावर होती. मी लाल रंगाची ट्यूब उघडली, थोडा रंग अंगठ्यावर घेतला आणि माझ्या डोंगरावर, बरोबर त्याच जागी टेकवला.

ती हात पुसत बाहेर आली. "अगबाई, तुमच्याही चित्राला कुंकू लावलं वाटतं कुणी." तिने हात जोडले, मग त्या ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं. तिने बोटाकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग बोट पदराला पुसून माझं चित्र उचललं आणि खिळ्याला अडकवलं.

"चहा ठेवलाय," म्हणाली.

चित्र अजून तिथेच आहे. येणारे-जाणारे त्या ठिपक्याला नमस्कार करतात आणि ती शेजारी उभी असूनही अवाक्षर काढत नाही. आता मला तिच्या चित्रांपेक्षा या गप्प राहण्याचाच जास्त हेवा वाटतो.