चिंचेच्या दोन्ही बाजूंची येळवस

माझ्यामुळं दोन बायकांचं भांडण लागलं असं आजवर एकदाच घडलंय, आणि तेव्हा माझ्या तोंडात बाजरीचा उंडा होता.

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी, गड्डमबाई आणि सुशीला बिराजदार अशा तिघी शिकवत होतो. म्हणजे पगारापुरतं शिकवत होतो. बाकी वेळ मधल्या सुट्टीची वाट बघत होतो! घंटा झाली की तीन डबे एकदम उघडायचे. गड्डमबाईंचं चिंच घातलेलं आंबट-तिखट पप्पू, म्हणजे तेलुगू पद्धतीचं वरण, सुशीलाची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, आणि माझी भूक. (माझ्या डब्यात रोज बटाट्याची भाजी असायची. तिच्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही, मग मीही बोलत नाही.)

दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन जीभ पार मेली होती. अशात एके दिवशी सुशीला म्हणाली, "औंदा येळवशीला आमच्या शेतात या की दोघी!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. ज्याला शेत आहे तो त्या दिवशी बायकापोरांसकट शेतात जाऊन पूजा करतो आणि जेवतो. ज्याला शेत नाही तो शेतवाल्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. मी गेली नऊ वर्षं बघत बसले होते.

"पण एक आहे हं," सुशीला आवाज उतरवून म्हणाली. "माझी माणसं बोलवायला सासूबाईंनी पहिल्यांदाच हो म्हटलंय. त्या म्हणाल्या, शहरातल्या बाया दोन घास खात्यात आन् पान टाकून उठत्यात. पानात उष्टं दिसलं तर पुन्हा शाळेतलं एक माणूस हितं आणायचं न्हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या जाधवबाईंना जेवताना बघाच एकदा!"

"अय्यो, मग काळजी कसली?" गड्डमबाई म्हणाल्या. मला हे कौतुकच वाटलं.

येळवशीच्या दिवशी सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नाही. (जागा अडते.) दुधनीकडं जाणाऱ्या एस.टी.तून उतरलो, ओढा ओलांडला. सुशीलानं सांगितलेली खूण पक्की होती : बांधावर भलंमोठं चिंचेचं झाड आणि झाडाशेजारी कडब्याची कोप, म्हणजे खोपटं. झाड दिसलं. कोप दिसली. कोपीच्या दारात एक ठसठशीत म्हातारी उभी होती.

"बिराजदारांचं शेत हेच ना?"

"व्हय की! बर्री, बर्री! कुंडर्री!" म्हातारीनं एका दमात या म्हटलं, बसा म्हटलं आणि हातावर पाणीसुद्धा घातलं.

"सुशीला कुठंय?"

"आसंल की हितंच कुटंतरी. तुमी बसा आदी!"

बसलो. आणि मग पानात जे येत गेलं, त्याची आठवण झाली की आजही माझा आवाज चढतो! ओल्या तुरीचे नि हरभऱ्याचे दाणे आणि शेतातला सगळा पाला घालून केलेली भज्जी! बाजरीचे वाफवलेले उंडे! गव्हाची खीर! शेंगाची पोळी! मडक्यातली गार आंबील! मी उंडा फोडला, त्यावर भज्जी घेतली, आणि नऊ वर्षांचा अनुशेष भरायला सुरुवात केली.

"वाढू का?" म्हातारी विचारायची.

"नको नको," मी म्हणायचे, आणि पान पुढं सरकवायचे.

गड्डमबाईसुद्धा मान खाली घालून जेवत होत्या. शेवटी मी पान लख्ख केलं, आंबिलीचा तांब्या रिकामा केला आणि समाधानानं म्हटलं, "आक्का, तुमच्या सुनेचा शब्द राखला बघा मी!"

"कंची सून?" म्हातारी म्हणाली. "माज्या पोराचं लगीन फुडल्या सालाला हाय."

माझा ढेकर तिथल्या तिथं अडकला. तेवढ्यात गड्डमबाईंनी मला कोपरानं ढोसलं. चिंचेच्या पलीकडं दुसरी कोप होती! आणि तिच्यापुढं डोळ्यांवर हात धरून, रस्त्याकडं एकटक बघत, सुशीला उभी होती.

"ती पलीकडची कोण हो?" मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं.

"ती व्हय? माज्या जावंची सून. आमचं न्हाय बोलणं. सा वर्सं झाली. ह्या चिंचंपायी."

"मग आक्का, आम्ही कोण हे तुम्ही विचारलं का नाही?"

म्हातारीला माझी कीव आली असावी. "येळवशीला शेतात आलेल्या मानसाला कोन म्हून इचारत्यात व्हय? आदी वाढत्यात."

ओढ्याला हात धुऊन येतो असं सांगून आम्ही सटकलो. ओढ्याच्या कडेकडेनं लांबचा वळसा घातला आणि नुकत्याच एस.टी.तून उतरल्यासारखा चेहरा करून दुसऱ्या बाजूनं सुशीलापुढं हजर झालो. (चेहरा जमला. चाल जमेना. आंबील आतून डुचमळत होती.)

सुशीलाच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "किती उशीर! सासूबाई उपाशी बसल्यात. पाहुण्यांच्या आधी जेवणार नाही म्हणाल्या."

आता सांगायचं तरी काय? 'तुमच्या वैरिणीकडं पोटभर जेवून आलो'? सासूबाई कोपीच्या दारात कमरेवर हात ठेवून माझ्याकडंच बघत होत्या. त्यांची नजर माझ्या पायापासून डोक्यापर्यंत गेली आणि त्या म्हणाल्या, "ह्याच व्हय त्या जाधवबाई?"

गड्डमबाई पुढं झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मला बाई अमावास्येचा उपास असतो."

अशी दगाबाज बाई मी जन्मात पाहिली नाही! सगळं माझ्या एकटीच्या पोटावर आलं.

पान वाढलं. तेच उंडे, तीच भज्जी, तीच खीर! मघाशी ज्यांना बघून जीव हरखला होता, तेच आता पानातून माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. पहिला उंडा गेला. दुसऱ्याला मी साडीच्या आडून परकराची गाठ सैल केली. तिसऱ्याला कपाळावर घाम फुटला. "भज्जी जरा तिखट आहे," मी पुटपुटले. सुशीला पंख्यानं वारा घालायला लागली. डिसेंबरात! चौथा गेला. सुशीलाचा चेहरा उजळत होता आणि माझा मावळत होता. पाचवा तोंडात घातला, आणि पाठीमागून आवाज आला.

"अग्गो बया! ह्या तर आत्ता माज्याकडं जेवून गेल्या की!"

पलीकडची म्हातारी चिंचेखाली उभी होती. सासूबाई ताडकन उठल्या. पण बोलणं तर बंद! मग त्या चिंचेकडं तोंड करून ओरडल्या, "सांग गं झाडा, माज्या पावन्यांस्नी पळवून न्यायला लाज न्हाय वाटली का म्हनावं!"

पलीकडून म्हातारी त्याच झाडाला म्हणाली, "पळवलं न्हाय! आपल्या पायांनी आल्या! आन् आठ उंडे खाल्ले!"

"आठ?" सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या पानाकडं बघितलं. "माज्याकडं पाचच!"

"चव आसंल तितं मानूस खातंय!"

झालं! सासूबाईंनी टोपलं उचललं आणि माझ्या पानात धडाधड चार उंडे टाकले. "खावा बाई! नऊ व्हऊ द्या!"

मी सुशीलाकडं बघितलं. ती नुसती माझ्या पानाकडं बघत होती. मी डोळे मिटले आणि खाल्ले. कसे, ते विचारू नका. सहावा खिरीबरोबर ढकलला. सातव्याला गड्डमबाईंनी पाठ चोळली. ("ही उपासवाली? हिनं चार हानले माज्याकडं!" म्हातारीनं झाडाला सांगितलं.) आठव्याला मला माझी आई आठवली. नववा संपला तेव्हा दोघी म्हाताऱ्या माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या. पलीकडची बांध ओलांडून कधी आली, ते तिलाही कळलं नव्हतं.

सासूबाईंनी वाकून पान पाहिलं. कणसुद्धा नव्हता. "सुशीला," त्या म्हणाल्या, "तुजी मानसं चांगली हायती. फुडल्या येळवशीला बी आन."

सुशीलानं माझा हात घट्ट धरला. मी आडवी व्हायच्या बेतात होते, म्हणून तो फार उपयोगी पडला.

मग दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहून मला न्याहाळायला लागल्या.

"बाईला जंत झाल्यात," पलीकडची म्हणाली.

"लई दिवसांचं असत्याल," सासूबाई थेट तिच्याकडं वळून म्हणाल्या.

सहा वर्षांत त्यांचं हे पहिलं एकमत होतं.