जोर नको, आटा जाईल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात.

"जोर नको, आटा जाईल." आमच्या कारखान्याचे मालक येता-जाता हे म्हणायचे. व्हॉल्व्हचा नट आवळताना कुणी पान्यावर लोंबकळलं, आतले पेच झिजतील असं दिसलं की म्हणायचेच. पण एकदा माझ्याबरोबर कामाला असलेल्या शांताबाईचा नवरा दारू पिऊन गेटवर आला आणि तिचा दंड धरून ओढू लागला. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जोर नको, राव. आटा जाईल."

तो गोंधळला. "कसला आटा?"

"डोक्याचा," शांताबाई म्हणाली. "तुजा कवाच गेलाय."

सगळ्यांत मोठ्याने मालकच हसले.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी चिंचवडला पत्र्याच्या शेडमध्ये एका लेथवर कारखाना काढला. पितळेचे व्हॉल्व्ह आणि पाइप जोडायचे तुकडे तिथे होत. आम्हा बायकांकडे टेस्टिंग होतं. बंद व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची, तो टाकीतल्या पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. थंडीत बोटं बधिर व्हायची. मग मालक बाह्या सारून शेजारी उभे राहायचे आणि स्वतःचे हात पाण्यात घालायचे. "गळला तर शिव्या मला पडणार, तुम्हाला नाही," म्हणायचे.

भोवती मोठ्या कंपन्या आल्या, तसे आमच्याकडेही लेथ वाढले. पण पुढे एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल नेला आणि पैसे दिलेच नाहीत. बँकेने शेडला कुलूप लावलं. आमचा चार महिन्यांचा पगार अडकला.

मालक भोसरीत दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले. पगार झाला की सायकलवरून आमच्या घरोघर यायचे आणि दारात उभे राहून थोडे थोडे पैसे द्यायचे.

"मालक, चहा टाकते," मी म्हणायची.

"नको. येतो मी."

पाणीसुद्धा घेत नसत. आम्ही बौद्ध. मी समजायचं ते समजले. माझे यजमान म्हणाले, "पैसे देतात ना? मग कप घेऊन कशाला मागं लागतेस?" त्यानंतर मी चहाचं विचारणं सोडलं.

एकदा शांताबाईजवळ हे बोलून गेले. ती माझ्यावरच उखडली. "येडी का काय तू? आमी मराठे, माज्या घरी तरी कुठं घेत्यात? म्हणत्यात, तुमचं देणं हाय तवर तुमच्यात पाणी प्यायला मला तोंड न्हाई."

घरी येऊन मी चुलीपुढे रडले. राहू द्या ते पैसे, असं त्यांना सांगावंसं वाटलं. पण ते त्यांना लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला पैशांची गरजही होती.

पुढे दोन महिने ते आले नाहीत. मग एका दुपारी त्यांच्या पत्नी आल्या. कपाळावर कुंकू नव्हतं. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या. हिशोबाने अजून एका महिन्याचा पगार राहत होता.

"आजारपणात हेच घोकत होते," त्या म्हणाल्या. "शांताबाईंचे देऊन आले. तुमचं आता काही राहिलं नाही ना?"

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "सगळे फिटले."