चार वाजताचा सामना

आमच्या गावच्या कबड्डी स्पर्धेत माईक माझ्या हातात असतो. पत्रिकेत ‘सायंकाळी ठीक पाच वाजता’ छापलेलं असतं आणि त्यातला ‘ठीक’ मीच आग्रहाने घालायला लावतो. पाच वाजता मैदानात मी, मंडपवाला आणि दोन कुत्री एवढेच हजर असतो. सहाला चुना येतो. सातला एक संघ येतो, पण त्यांचा चांगला चढाईपटू खोपोलीच्या कारखान्यातून जनरल शिफ्ट करून यायचा असतो. मग पाहुणे, नारळ, शाली, पाहुण्यांचं भाषण, पाहुण्यांच्या पाहुण्यांचं भाषण. मी दर दहा मिनिटांनी ‘अगदी थोड्याच वेळात’ म्हणत राहतो, आणि लोकही घरी निवांत जेवून येतात, कारण त्यांना माझं थोडं केवढं असतं ते माहीत आहे.

एवढ्या वर्षांत या कामामुळे माझी एक ठाम समजूत झाली होती. छापलेली वेळ खेळाडूंना घराबाहेर काढण्यासाठी असते. ती खरी मानून जाणारा माणूस नवखा.

अशा माणसाने मुलीला घेऊन बास्केटबॉलच्या सामन्याला जायचं ठरवलं.

मुलगी तेव्हा सातवीत होती. बास्केटबॉलचं वेड तिला मोहोपाड्याला लागलं. तिथल्या कंपनीच्या कॉलनीत तिचा मामा राहतो आणि कॉलनीच्या मैदानात जाळी नसलेली एक रिंग आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवसांसाठी गेलेली पोर महिन्याने परत आली, ती बोटांना चिकटपट्ट्या लावून. आल्या आल्या म्हणाली, “पप्पा, गोठ्यावर रिंग लावून द्या.” मी लावली. उंची किती विचारायचं सुचलं नाही. माझा हात पोचेल तिथे खिळे ठोकले. तीन महिने ती त्यावर सरसकट बास्केट करत होती आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होतो. मग शाळेच्या मैदानावर गेली, तर तिचा एकही बॉल रिंगपर्यंत पोचेना. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं. मी शिडी आणली.

बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाचा कप्तान तिचा आवडता. आम्ही घरात त्याला अकरा नंबरच म्हणायचो. त्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या रील ती माझ्या फोनवर बघायची. बॉल जाळीत पडला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी म्हटलं, “आगं, सगळं तर बघितलंस. आता काय ऱ्हायलं?”

“बास्केट बघितली पप्पा. खेळताना कुठं बघितलाय? बॉल दुसऱ्याकडं असला का तो काय करतो, कुठं पळतो, कुणाला काय बोलतो, ते कोण दाखवतंच नाय.”

मग एक दिवस कळलं, की अकरा नंबर निवृत्त होतोय आणि त्याचा शेवटचा सामना नवी मुंबईत आहे, रविवारी चार वाजता. मी तिकिटं काढली. हे मी आपणहून केलं, तिने मागितलंही नव्हतं. तिकिटं दाखवली तेव्हा ती बाहेर गेली, गोठ्याच्या भिंतीवर दोन्ही हात आपटले आणि परत आत येऊन जेवायला बसली.

रविवारी ती सकाळी नऊला बूट घालून तयार. मी म्हटलं, “बस जरा. चार म्हंजे साडेपाच धर.”

“तिकिटावर चार लिवलंय.”

“आगं, आमीबी लिवतो.”

बायको आतून म्हणाली, “अहो, तुमच्या कबड्डीवानी नका करू. पोरीचा जीव लागलाय त्याच्यात.”

“तू काय सांगते मला? मी स्पर्धा भरवणारा माणूस हाय.”

हे वाक्य मी हात हलवून बोललो होतो. आजही आठवलं की तो हात धरून खाली करावासा वाटतो.

सामना लांबणार म्हणून मी तयारी कडक केली. बसायला सतरंजी. दोघांना स्वेटर. डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, कारण सामन्यांना खायला मिळतं ते तेलकट असतं. अडीचला मोटारसायकल काढली. वाटेत न थांबता सरळ गेलो असतो तरी धावतपळत पोचलो असतो, हे मी नंतर पुष्कळदा मोजलेलं आहे. पण चौक गावच्या फाट्याला चहाच्या टपरीवर आमच्या तालुक्यातला एक जुना पकडीचा खेळाडू बसलेला दिसला. दोन्ही कान मोडलेले, पोट सुटलेलं, पण बसायची ढब अजून कोपरारक्षकाची. त्याने हाक मारली. आता अशा माणसाला नुसता हात करून पुढे जायचं?

पोर टपरीबाहेर गाडीपाशी उभी राहिली. दर थोड्या वेळाने येऊन माझा शर्ट ओढायची. “पप्पा, चला ना.”

“आलो गं. घोटभर ऱ्हायलाय.”

तो म्हणाला, “कुठं चालली जोडी?”

“बास्केटबॉल बघायला. चारला हाय.”

“चारला?” तो मनापासून हसला. “मंग बस की रं. आजून पाहुणं झोपलं आसतील.”

दोन तज्ज्ञांचं एकमत झालं. मी दुसरा चहा सांगितला. पुढच्या स्पर्धेला किती संघ बोलवायचे, मैदान कोण रोलर फिरवून देईल, सगळं तिथे ठरलं. उठलो तेव्हा मुलगी गाडीवर मागे बसून होती, हेल्मेटचा पट्टा लावून, समोर बघत.

स्टेडियमच्या दारात पहारेकऱ्याने आधी सतरंजीवर बोट ठेवलं. “ये क्या है?”

“बैठनेको.”

“अंदर कुर्सी है, काका.”

मग त्याने डबा उघडला. सुकटीचा वास त्याच्या नाकात गेला आणि तो एक पाऊल मागे सरला. खायचं आत न्यायचं नाही, म्हणाला. डबा टाकून द्यायला माझं मन होईना, आणि तो गाडीला अडकवायला पार्किंगपर्यंत परत गेलो. पोर दारातच थांबली. आतून भोंग्याचा आवाज येत होता, माणसं ओरडत होती. मी धावत आलो तर ती म्हणाली, “पप्पा, आत खेळतायत.”

“सराव असंल.”

आत गेलो. एवढा उजेड मी बंद खोलीत कधी बघितला नव्हता. लाकडी जमीन पाण्यासारखी चमकत होती, बुटांची कचकच वरपर्यंत ऐकू येत होती. आमच्या खुर्च्या सापडल्या. मी वरच्या पाटीकडे बघितलं. वेळेच्या जागी सहा मिनिटं आणि काही सेकंद. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली.

“बघ! सांगितलं नव्हतं? सहाच मिनिटं झालीत. आत्ताच चालू झालाय.”

ती पाटीकडे बघत होती. “पप्पा, घड्याळ उलटं चालतं.”

“म्हंजे?”

“सहा मिनिटं ऱ्हायलीत. चौथा क्वार्टर हाय. शेवटचा.”

टीव्हीवरच्या कबड्डीतही घड्याळ उलटंच चालतं. शेवटची पाच मिनिटं मी स्वतः माईकवरून उलटी मोजतो.

सामना चारला सुरू झाला होता. ठीक चारला. असंही कोणी करतं जगात.

अकरा नंबर मैदानात नव्हता. त्याचा संघ वीसेक गुणांनी पुढे होता, म्हणून कोचने त्याला बसवला होता. बाकावर शेवटच्या खुर्चीत, खांद्यावर टॉवेल, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. पोरगी जे बघायला आली होती ते सगळं त्या टॉवेलखाली होतं म्हणा ना.

मला वाटलं, अजून वेळ आहे. सहा मिनिटं पुष्कळ. शेवटचा सामना आहे, कोच एकदा तरी आत सोडेल. चार राहिली. तीन. कोच हातांची घडी घालून उभा. समोरच्या संघाचा एकजण फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला, हॉल जरा शांत झाला, आणि माझा ताबा सुटला. मी उठलो. माईकशिवाय आमच्या मैदानाच्या चारी कोपऱ्यांत पोचणारा जो आवाज आहे, तो मी तिथे काढला.

“अकरा नंबरला आत घ्या! पोरगी लांबून आलीय!”

फ्री थ्रोवाल्याचा बॉल रिंगला लागून बाहेर गेला. पुढच्या दोन रांगा वळल्या. बाकावरचे खेळाडू वळले. एकजण म्हणाला, “काका, बैठ जाओ.” अकरा नंबरने मान वर केली, आमच्या बाजूला कुठेतरी बघितलं, आणि गुडघ्यावरची पिशवी नीट केली.

मुलीने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. ती हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, पाय दुखतायत त्याचे. ऱ्हाऊ द्या.”

उरलेला सगळा वेळ ती बाकाकडे बघत होती. बॉल कुठेही असो, तिची मान हलली नाही. मी तिच्याकडे बघत होतो. शेवटी भोंगा झाला, लोक उभे राहिले, कागदाचे तुकडे उडाले. अकरा नंबर उठला, टॉवेल डोक्यावर घेतला आणि लंगडत आत गेला. दार बंद झालं तरी ती बघत होती.

परतताना पनवेल सुटेपर्यंत मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. “पुढच्या येळेला,” एवढं एकदा म्हणालोसुद्धा, आणि पुढची वेळ नाही हे आठवून हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं. आयुष्यभर माईक धरलेला माणूस, पण मागे बसलेल्या बारा वर्षांच्या पोरीला ‘चुकलं माझं’ एवढं म्हणता आलं नाही. तिने चौकच्या पुढे माझ्या पाठीला डोकं टेकवलं. झोपली होती की नाही, माहीत नाही.

घरी आलो तर बायको ओटीवर उभी. शेजारी माझी बहीण, मुलीची आत्या, खास सामना ऐकायला आलेली.

“येळंवर पोचलात ना?” बायकोने विचारलं. तिने मला विचारलं होतं. मी हेल्मेट काढायला नको तेवढा वेळ लावत होतो.

“पोचलो ना,” मुलगी म्हणाली. “पयल्यापासून बघितला.”

मी हेल्मेट पुन्हा डोक्यात घालणार होतो.

आत्या म्हणाली, “मंग सांग की गं, कसा झाला?”

आणि तिने सांगितला. हातपाय धुवायच्या आधी, बूट न काढता, ओटीवर उभं राहून. पहिल्या क्वार्टरला अकरा नंबरने डावीकडून घुसून बॉल कसा टाकला, दुसऱ्याला तीन माणसं अंगावर असताना लांबून कसा मारला. मला दोन्ही बास्केट ओळखीच्या होत्या. त्या माझ्याच फोनमधल्या होत्या. पण मग ती मधलं सांगायला लागली, जे कुठल्याच रीलमध्ये नाही. बॉल दुसऱ्याकडे असला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. नवीन पोरगा चुकला तर त्याच्या मानेवर हात ठेवतो. फ्री थ्रोच्या आधी तळवा बुटाच्या तळाला पुसतो. हे तिने कुठून आणलं, मला आजही माहीत नाही. मी तिथेच उभा होतो आणि तिच्या तोंडून सामना बघत होतो. चांगला चालला होता.

“आणि तिसऱ्या क्वार्टरला,” ती म्हणाली, “बॉल बाहेर गेला तो थेट आमच्याकडं आला. पप्पांच्या पायाशी. तो आला घ्यायला. पप्पांनी उचलून दिला.”

“खरंच रं?” आत्या माझ्याकडे वळली. बायकोही बघत होती. पोर मात्र बघत नव्हती. ती खाली बसून बुटाची नाडी सोडत होती.

“जड होता,” मी म्हटलं.

एवढाच माझा त्या सामन्यातला वाटा.

आता मुलगी अकरावीला पुण्याला असते, हॉस्टेलवर. खेळ सुटला, अभ्यास फार आहे म्हणते. फोनवर जेवलात का, औषध घेतलं का असं तीच मला विचारते. रविवारी दुपारी चार वाजले की मला तो सामना बघायचा असतो. पहिल्या मिनिटापासून, तिच्या शेजारी बसून. दुसरा कुठलाही चालणार नाही, टीव्हीवर पुष्कळ असतात. ओटीवर तिने सांगितला, तो.

बघता येत नाही, म्हणून सांगत असतो. माझ्या हाती लागलेली गोष्ट आहे तेवढी राहत नाही, हे आलंच. सांगता सांगता बॉल द्यायला मी चार पायऱ्या उतरलो. मग अकरा नंबर मला ‘थँक यू, काका’ म्हणाला. मागच्या दिवाळीत मुलगी घरी होती. ओटीवर माणसं जमली होती, माझं सांगून चाललं होतं, आणि ती आत पिशवी भरत होती. माणसं गेल्यावर बाहेर आली.

“पप्पा, तो थँक यू नव्हता बोलला.”

चार वर्षांत आम्ही दोघं त्या दिवसाविषयी एक शब्द बोललो नव्हतो. मनात आलं, आता सांगून टाकावं. चहाचं, चौकचं, सगळं.

“मंग?” मी विचारलं. “बॉल घेतला आन् काय केलं त्यानं?”

तिने जरा विचार केला. आठवत असल्यासारखा.

“तुमच्याकडं बघितलं. बॉल दोनदा आपटला,” ती म्हणाली. “आणि गेला खेळायला.”