पाळी गेल्यावरचा डाग

आमच्या मसोलीच्या बायकांच्या सोमवारच्या मंडळात प्रसाद कधीकधी कमी पडतो, सल्ला कधीच नाही. माझ्या आजारपणात तर इतके किस्से साठले, की देवघरात ठेवायला जागा उरली नाही!

*

पाळी जाऊन वर्षं लोटली होती. सोळा सोमवारांचं उद्यापन तोंडावर आलेलं, आणि कपड्यावर डाग! मी घाबरून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी माझ्या हातातलं बेलाचं ताट काढून घेतलं.

"बाजूला बस. चार दिवस कशाला शिवू नकोस."

चौथ्या दिवशी न्हाले, पाचव्या दिवशी पुन्हा डाग. उद्यापन पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात तेच. भटजींना फोनवर फोन झाले. डॉक्टरांचा नंबर मात्र कोणालाच आठवला नाही!

*

तलासरीहून धाकटी नणंद आली. "मजा आहे बाई वहिनी, परत तरुण झालीस!"

तरुणपण इतकं अंगात भिनलं, की मला ओटा चढवेना.

*

मिस्टर स्वतः डहाणूला मेडिकलमध्ये गेले. तिथे लाजत लाजत म्हणाले, "घरात जरा बरं नाहीये."

दुकानदाराने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मिस्टर खूश. "पोटाच्याच आहेत ना?"

*

शेवटी मीच रिक्षा केली आणि लेडी डॉक्टरकडे गेले. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. त्याचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला.

"पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं असतं! इतके महिने काय करत होतात?"

"बाजूला बसले होते."

*

रिपोर्ट आला. अस्तराचा कॅन्सर, त्यातही दुर्मिळ प्रकार!

नणंद डोळे पुसत म्हणाली, "आमच्या घराण्यात साधंसुधं कोणाला काही होतच नाही."

डॉक्टर म्हणाल्या, अजून हाताबाहेर गेलेला नाही, पिशवी काढू. मी महादेवाला हात जोडले. ऑपरेशनचं तू बघ, तुझ्या भक्तांचं मी बघते.

*

दोघांनीही शब्द पाळला. बरी झाल्यावर उद्यापन ठेवलं. चुरम्याचं ताट घेऊन मी दारातच उभी राहिले.

"पाळी गेल्यावर जिला जिला डाग दिसलाय, तिने हात वर करायचा. मगच प्रसाद!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, देवासमोर काय हे!"

सासूबाई पिंडीवर पाण्याची धार धरून बसल्या होत्या. धार थांबली. त्यांनी गडू खाली ठेवला आणि हात वर केला.