धुण्यात न आलेली दस्ती

अक्काचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या माझ्या दुकानात टिश्यू पेपरचं खोकं फोडत होतो. "सुधा, तुझे दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. हाताशी होते ते चार कागद मी डोळ्यांना लावले आणि तसाच पालमच्या एसटीत बसलो. वाटेत त्या कागदांचा लगदा झाला. अक्काच्या दारात पोचलो, तर नवरा ओसरीवर निजवलेला आणि ती माझ्या दाढीला चिकटलेले पांढरे तुकडे एकेक करून काढायला लागली. "काय लावून आलास रे हे तोंडाला?" ... त्याला आता दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये असंच मला वाटतं.

दाजी पालमला टेलर होते. माझ्या लग्नापासूनचे सगळे शर्ट त्यांनीच शिवले, आणि प्रत्येक शर्टाच्या खिशात त्याच कापडाची एक दस्ती घडी घालून ठेवलेली असायची. हातरुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. उरलेला तुकडा वाया घालवायचा नाही, चारी कडा दुमडून टीप मारायची, ही त्यांची रीत. त्यांची स्वतःची चौकड्याची दस्ती कायम कॉलरला खोचलेली. घाम तिलाच, खडूचे हात तिलाच, जेवल्यावर तोंडही तिलाच. संध्याकाळी ती धुण्यात पडायची आणि अक्काला नवऱ्याचा अख्खा दिवस कळायचा. जिलेबीचा पाक दिसला की ती मोरीतूनच ओरडायची, "आज परत गोड खाल्लं का हो? साखर वाढलीय म्हणलं तरी ऐकणार न्हाई का?" दाजी मशीनवरून म्हणायचे, "ही बाई पोलिसात पायजे होती."

माझा धंदा पत्रावळी, द्रोण, कागदी पेले आणि टिश्यू पेपरचा. टिश्यू पेपर म्हणजे काय, असं खेड्यातल्या एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं की मी ऐटीत सांगायचो, पातळ, मऊ कागद असतो. हात पुसा, तोंड पुसा, फेकून द्या. धुणं नाही, वाळवणं नाही, मागं काही राहत नाही. मागं काही राहत नाही, हे तर माझं आवडतं वाक्य होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्या मुलीचा साखरपुडा होता. नवी सोयरीक, शहरातली माणसं. जेवण झाल्यावर दाजींनी नेहमीप्रमाणे दस्ती काढून तोंड पुसलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दाजी, ते फडकं आधी आत घाला. चारचौघांत बरं दिसत न्हाई." आणि टिश्यूचं पाकीट पुढं केलं. सोयरे हसले. दाजींनी एक कागद उजेडात धरून बघितला. "सुधाशेठ, याला शिलाई कुठंय?" लोक आणखी हसले. दाजींनी दस्तीची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. ज्यांना पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवायचं, त्या घरच्या जावयाला मी फडक्यावरून बोललो. ते ताटावरून उठून गेले असते तर बरं झालं असतं. ते उठले नाहीत.

उलट त्या दिवसापासून ते टिश्यूच वापरायला लागले. मीही शहाण्यासारखा दर महिन्याला बंडलं पाठवत राहिलो. अक्कानं विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या भावाचा माल हाय, वापराय नको का?" हा टोमणा होता की माया होती, मला अजून कळलेलं नाही.

मग खोकला लागला. खोकायचं, कागदात थुंकायचं, चुरगाळून बंबाच्या जाळात टाकायचं. कागदात रक्त होतं. ते कुणी बघितलं नाही. अंग उतरायला लागलं तसे या माणसानं स्वतःचे शर्ट उसवून आत घेतले, परत टीप मारली. कापड अंगाला बसलेलं, मग कुणाला काय दिसणार? मला या कारागिरीचा संताप येतो.

मशीनवरच कोसळले तेव्हा त्यांना परभणीला आणलं. टीबी. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी बरं होणारं दुखणं आहे हे. फार उशिरा आणलंत." आणि वर म्हणाले, "कागद जाळत होते, ते मात्र चांगलं केलं. घरात कुणाला लागण झाली नाही." ती शाबासकी ऐकून मी बाहेर जाऊन भिंतीवर हात आपटला. परत आलो आणि आजारी माणसावर ओरडलो, "दाजी, रक्त पडायलंय हे सांगितलं का न्हाई?" ते हसले. "तुझी अक्का लय रडती रे. अन् कुणाला दिसलंच न्हाई, मग कशाला सांगायचं..."

दवाखान्यातून पालमला घरी नेलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले. जमलेले पाव्हणे म्हणत होते, वेळ आली होती. वेळ आली नव्हती. गोळ्यांनी बरा होणारा माणूस होता तो.

दहावा झाल्यावर अक्का मोरीत कपडे धूत होती. पाठमोरी. हात मध्येच थांबवून म्हणाली, "दस्ती असती तर धुण्यात आली असती की रे. मला दिसलं असतं." आवाजात राग नव्हता. तिनं रागवायला पाहिजे होतं. "जाऊ दे, चहा घे," म्हणाली आणि परत कपडे घासायला लागली.

घरी येऊन मी कपाट उघडलं. त्यांनी शिवलेल्या अकरा शर्टांच्या खिशात अकरा दस्त्या निघाल्या, एकीचीही घडी मोडलेली नव्हती. आता रोज एक घेऊन दुकानात जातो. टिश्यूच्या खोक्यांमध्ये बसून दस्तीनं घाम पुसतो. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत. संध्याकाळी ती धुण्यात टाकतो. बायकोला सांगून ठेवलंय, भिजवायच्या आधी घडी उघडून बघत जा.

"काय बघू?" तिनं विचारलं.

"जे असंल ते," मी म्हणालो. "पण बघ."